‘पडले’, ‘गेले’ की ‘मारले’? डच गावांतल्या स्मृतिपाट्या कशा वाचायच्या

माझी भाची नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनजवळ राहते. एप्रिलच्या शेवटी तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. फुटपाथच्या विटांमध्ये बसवलेले तीन पितळी चौकोन, प्रत्येक जेमतेम तळहाताएवढा. खाली तिचा मजकूर: “मामा, आम्ही नवीन घर घेतलंय ना, त्याच्या दारात हे आहेत. शेजारच्या आजी म्हणाल्या, युद्धात गेलेल्यांचे. पण मग ते चौकात, स्मारकाजवळ नकोत का? आमच्या दारात कशाला? आणि आई-मुलीची तारीख एकच, बाबांची वेगळी, असं कसं?”

मी शाळेत इतिहास शिकवायचो, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडे येतात. या प्रश्नाने मात्र माझे दोन रविवार खाल्ले. डच गावातली स्मृतिपाटी वरवर नुसती नावांची यादी दिसते. पण यादीत कोण आहे, पाटी कुठे लावली आहे आणि नावापुढे कुठलं क्रियापद आहे, एवढं पाहिलं की ती कुठल्या काळात आणि कुठल्या मनाने लावली ते कळायला लागतं. त्यातही क्रियापद. पण आधी थोडी पार्श्वभूमी.

मेलेले सगळे एका प्रकारे मेले नव्हते

१० मे १९४० रोजी जर्मनीने नेदरलँड्सवर हल्ला केला. १४ मेला रॉटरडॅमवर बॉम्ब पडले, शहराचा मध्यभाग जळून गेला आणि दुसऱ्या दिवशी डच सैन्याने शरणागती पत्करली. राणी विल्हेल्मिना तोवर लंडनला पोचली होती. जर्मनांचा ताबा पाच वर्षं राहिला, पण सगळीकडे सारखा नाही. आइंडहोव्हन १८ सप्टेंबर १९४४ लाच मुक्त झालं. आम्स्टरडॅमला मे १९४५ उजाडावा लागला, आणि मधल्या हिवाळ्यात पश्चिमेकडच्या शहरांत अन्नच उरलं नाही. ट्यूलिपचे कंद उकडून खायची वेळ आली. त्या ‘भुकेच्या हिवाळ्यात’ सुमारे २०,००० माणसं गेली.

म्हणजे एका गावातल्या युद्धबळींची यादी करायला बसलात तर काय काय समोर येईल? मे १९४० मध्ये लढताना मेलेला सैनिक. बॉम्बखाली सापडलेलं कुटुंब. भूमिगत चळवळीत होता म्हणून गोळी घातलेला शिक्षक. जर्मनीतल्या कारखान्यात सक्तीच्या मजुरीला नेलेला आणि तिथेच आजारी पडून गेलेला मुलगा. तेव्हाच्या डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, जपान्यांच्या छावणीत मेलेली बाई. आणि ज्यू शेजारी, जे एका सकाळी घराबाहेर काढले गेले आणि परत आलेच नाहीत.

या शेवटच्या गटाचा आकडा सगळ्यांत मोठा आहे. ताबा आला तेव्हा देशात सुमारे १,४०,००० ज्यू होते. त्यातल्या सुमारे १,०७,००० जणांना रेल्वेने पूर्वेकडच्या छावण्यांत पाठवलं, परत आले पाच हजारांच्या आसपास. पश्चिम युरोपात इतकं वाईट प्रमाण दुसऱ्या कुठल्या देशाचं नाही. तरीही गावोगावच्या पाट्यांवर यांचीच नावं सगळ्यांत शेवटी आली, काही ठिकाणी चाळीस-पन्नास वर्षांनी.

पाटीच्या आधी दुसरी एक यादी होती

डच सरकारी दप्तर युद्धाआधीपासून नावाजलेलं होतं. प्रत्येक गावाच्या नोंदवहीत माणसाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, धंदा आणि धर्म. आपल्याकडे रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं असतात, तसं समजा, फक्त धर्माच्या रकान्यासकट, आणि एकही नोंद शिळी नाही. शांततेच्या काळात या नीटनेटकेपणाचं कौतुकच झालं.

१० जानेवारी १९४१ रोजी जर्मन प्रशासनाने हुकूम काढला: प्रत्येक ज्यू माणसाने आपली नोंद करावी. जवळजवळ सगळ्यांनी केली. सरकारी कागद आला की तो भरायचा, ही सवय अंगात मुरलेली होती. पुढे कोणाच्या दारावर कधी थाप मारायची हे याच नोंदींवरून ठरलं. थाप मारायला अनेकदा डच पोलीसच असायचे. लोकांना आधी वेस्टरबोर्क नावाच्या छावणीत नेत. ही छावणी १९३९ मध्ये डच सरकारनेच बांधली होती, जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू निर्वासितांसाठी. तिथून जुलै १९४२ पासून गाड्या सुटू लागल्या. गाड्या डच रेल्वे चालवत होती आणि त्याचे पैसे घेत होती.

नोंदवही किती घातक आहे हे काही जणांनी ओळखलं होतं. २७ मार्च १९४३ च्या रात्री पोलिसांचे गणवेश घातलेल्या एका गटाने आम्स्टरडॅमचं लोकसंख्या नोंदणी कार्यालय पेटवून दिलं. गटात चित्रकार विलेम आरोंदेउस होता. कार्डं घट्ट रचून ठेवलेली, त्यामुळे त्यातला थोडाच भाग जळला. १ जुलैला आरोंदेउससह बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या.

आता गंमत म्हणावी की काय कळत नाही, पण आज पितळी चौकोनावरचं नाव आणि जन्मसाल, आणि तो कुठल्या दारात बसवायचा तो पत्ता, इतका अचूक असतो, तो बऱ्याच अंशी याच नोंदींमुळे. गावांनी १९४१-४२ मध्ये वरिष्ठांना पाठवलेल्या ज्यू रहिवाशांच्या याद्यांतून पुढे प्रत्येक बळीचं घर शोधता आलं. माणसं शोधून काढायला ज्या कागदांचा उपयोग झाला, त्याच कागदांवरून त्यांच्या पाट्या तयार झाल्या.

तारखांचं कोडं

भाचीच्या दारातल्या आई-मुलीच्या चौकोनांवर २३ जुलै १९४३, सोबिबोर अशी तारीख आहे. वडिलांच्या चौकोनावर ३० सप्टेंबर १९४२, आउशविट्झ.

२३ जुलै १९४३ हा शुक्रवार होता. वेस्टरबोर्कच्या बहुतेक गाड्या मंगळवारी सुटत. सोबिबोरला, म्हणजे आजच्या पोलंडच्या पूर्व टोकाच्या मृत्युछावणीला पोचायला तीन दिवस लागत. २ मार्च ते २० जुलै १९४३ या काळात तिकडे एकोणीस गाड्या गेल्या, सुमारे ३४,००० माणसं घेऊन. त्यांतली युद्धानंतर जिवंत होती अठरा. सोबिबोरमध्ये राहायला बराकी जवळजवळ नव्हत्याच, कारण राहायचं कोणालाच नव्हतं. गाडी लागल्यापासून काही तासांत सगळं संपत असे. म्हणून गाडी पोचली ती तारीख हीच मृत्यूची तारीख धरली जाते. एकोणिसावी आणि शेवटची गाडी मंगळवारी, २० तारखेला निघाली, शुक्रवारी पोचली. आई आणि मुलगी त्या गाडीत होत्या, हे चौकोनावर न लिहिताही कळतं.

वडिलांची तारीख वेगळ्या जातीची आहे. ती खरी नाही. म्हणजे खोटीही नाही. ती ठरवलेली आहे. १९४२ च्या उन्हाळ्यात आउशविट्झला नेलेल्या धडधाकट पुरुषांपैकी अनेकांना आधी मजुरीला जुंपलं. ते नेमके कधी मेले याचा कागद बहुतेकांच्या बाबतीत राहिला नाही. युद्धानंतर मागे राहिलेल्यांपुढे रोजचे प्रश्न उभे राहिले: विमा कोणाला, घर कोणाच्या नावावर, विधवेने पुन्हा लग्न करायचं तर कसं? आपल्याकडे सात वर्षं बेपत्ता असलेला माणूस कायद्याने मृत मानता येतो, तसाच काहीसा पेच, फक्त एकाच वेळी एक लाख माणसांचा. १९४९ मध्ये डच संसदेने त्यासाठी कायदा केला. वाचून आलेल्यांच्या साक्षी, गाड्यांच्या याद्या यांवरून ‘या तारखेनंतर हा माणूस जिवंत असणं शक्य नाही’ असा अंदाज बांधून तारखा ठरवल्या गेल्या, आणि त्या पुष्कळदा महिन्याच्या शेवटच्या दिवशी पडल्या. ३० सप्टेंबर १९४२ ही अशीच तारीख. डच बळींच्या याद्यांत ती इतक्या वेळा येते की पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, त्या एका दिवशी काहीतरी भयंकर घडलं असणार. त्या दिवशी एक महिना संपला, इतकंच.

आता क्रियापद

मराठीत माणूस मेला हे सांगायला किती शब्द आहेत बघा. म्हातारपणी गेला तर वारला किंवा कैलासवासी झाला. रणात गेला तर धारातीर्थी पडला. चळवळीत गेला तर हुतात्मा. अपघातात दगावला. प्रत्येक शब्द त्या मरणाला एक जागा नेमून देतो. कोणाच्या मरणाला मान आहे आणि कोणाचं मरण नुसतं घडलं, हे शब्दच सांगून टाकतो.

डच पाट्यांवर असे तीन शब्द वारंवार दिसतात. पहिला ‘खेफालन’, म्हणजे पडले, आपल्या धारातीर्थी पडण्याच्या जवळचा. १९४५ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत बसवलेल्या दगडी पाट्यांवर हाच जास्त: देशासाठी पडलेल्यांना, स्वातंत्र्यासाठी पडलेल्यांना. सैनिकाला आणि भूमिगत कार्यकर्त्याला तो शोभतो. पण आठ वर्षांच्या मुलीला गॅस चेंबरमध्ये घातलं, ती कुठल्या रणात पडली? तिच्यासाठी तो शब्द वापरता येईना, आणि म्हणून, असं मला वाटतं, ती पाटीवरच येईना. द हेगमध्ये संसदेच्या इमारतीत युद्धात पडलेल्यांची एक सन्मानसूची आहे, हाताने लिहिलेला मोठा ग्रंथ, रोज एक पान उलटतात. त्यात सुमारे १८,००० नावं आहेत: सैनिक, खलाशी, भूमिगत कार्यकर्ते. निव्वळ ज्यू होते म्हणून मारले गेलेले एक लाख लोक त्या ग्रंथाच्या व्याख्येतच बसत नाहीत.

दुसरा शब्द ‘ओमखेकोमन’. याला मराठीत चपखल प्रतिशब्द नाही. ‘मृत्युमुखी पडले’ म्हणता येईल. बॉम्ब पडो, पूर येवो, गाडी उलटो, सगळीकडे चालतो. हा शब्द कोणालाच दोष देत नाही, म्हणून समितीच्या बैठकीत पटकन मंजूर होतो.

तिसरा ‘फेरमोर्ट’. खून केला. भाचीच्या दारात हा आहे. या शब्दाबरोबर पुढचा प्रश्न आपोआप येतो, कोणी केला? या प्रश्नाला गावाने तोंड द्यायची तयारी होईपर्यंत दोन पिढ्या गेल्या. वेळ लागण्याचं कारण फक्त दुःख नव्हतं. परत आलेल्या ज्यूंपैकी काहींच्या घरात दुसरं कुटुंब राहत होतं. आम्स्टरडॅम पालिकेने तर छावणीत असलेल्या काळातली जमीनपट्ट्याची थकबाकी त्यांच्याकडे दंडासकट मागितली. हे प्रकरण २०१३ मध्ये उजेडात आलं, तोवर कोणाच्या लक्षात नव्हतं किंवा कोणाला लक्षात ठेवायचं नव्हतं. पंतप्रधान मार्क रुटे यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली ती जानेवारी २०२० मध्ये. त्याच वर्षी ४ मे रोजी, कोविडमुळे रिकाम्या पडलेल्या आम्स्टरडॅमच्या डाम चौकात, राजा विलेम-अलेक्झांडर यांनी आपल्या पणजीचा उल्लेख केला. लंडनमधून रेडिओवर बोलणाऱ्या विल्हेल्मिना राणीने आपल्याला पुरेसा आधार दिला नाही, असं तेव्हा अनेकांना वाटलं होतं आणि ही गोष्ट आपल्याला सोडत नाही, असं ते म्हणाले.

मग हे पितळी चौकोन कोणाचे?

यांना डच भाषेत ‘स्ट्राउकलस्टेन’ म्हणतात, म्हणजे ठेच लागण्याचा दगड. मी आपला ‘ठेचेचा दगड’ म्हणतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण असलेल्या भाषेत त्याला वेगळं नाव शोधायची गरज नाही.

कल्पना जर्मन. कलोनचा कलाकार गुंटर डेमनिग याने पहिला दगड १६ डिसेंबर १९९२ रोजी त्या शहराच्या टाउन हॉलसमोर बसवला. सुरुवातीला बर्लिनमध्ये त्याने परवानगी न घेताच दगड लावले होते. प्रत्येक दगड म्हणजे १० सेंटिमीटर बाजूचा काँक्रीटचा ठोकळा, वर पितळी पत्रा. पत्र्यावरची अक्षरं यंत्राने कोरत नाहीत, हातोडीने एकेक अक्षर ठोकतात. डेमनिगचं म्हणणं असं की, खून कारखान्यासारखे झाले, तर आठवण तरी कारखान्यात होऊ नये. परिणामी काम संथ चालतं आणि गावांना वाट पाहावी लागते. तरी मे २०२३ मध्ये न्यूरेम्बर्गला एक लाखावा दगड बसला. नेदरलँड्समध्ये सुरुवात केली ती पूर्वेकडच्या बोर्ने या छोट्या गावाने, नोव्हेंबर २००७ मध्ये. मग गावामागून गाव.

मजकुराचा साचा ठरलेला असतो. ‘इथे राहत होते’, मग नाव, जन्मसाल, कधी पकडलं, कुठे नेलं, कुठे आणि कधी मारलं. दगड त्या माणसाने स्वतःच्या मर्जीने निवडलेल्या शेवटच्या घरासमोर बसवतात. नंतर ज्यूंना सक्तीने एका वस्तीत कोंबलं असेल तर ती जागा धरत नाहीत. भाचीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. चौकातला दगड सांगतो की गावाने माणसं गमावली. दारातला दगड सांगतो की ती या दारातून गेली, गल्लीतल्यांच्या देखत.

“अगं, पण पाय पडतो ना त्यावर!”

हा आक्षेप भाचीच्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा. फोटो पाहिल्याबरोबर तिने फोन केला. मेलेल्या माणसाचं नाव जमिनीवर, लोक त्यावरून सायकली नेणार, कुत्री फिरणार. “ही कुठली रीत?”

ताई एकटी नाही. म्युनिकच्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोटे क्नोब्लोख, ज्या स्वतः नाझी काळातून लपून वाचल्या, त्यांनी हाच मुद्दा मांडला: तेव्हा आमच्या माणसांना बुटाखाली तुडवलं, आता त्यांची नावंही तुडवायची? म्युनिक महापालिकेने २००४ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड बसवायला नकार दिला, २०१५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. तिथे २०१८ पासून भिंतीवर किंवा खांबावर, नजरेच्या उंचीवर पाट्या लावतात. हा आक्षेप मला खोडून काढण्यासारखा वाटत नाही. बळींच्या घरच्यांना तो लागत असेल तर तिथे पाटी भिंतीवरच हवी.

डेमनिगचं उत्तरही ऐकण्यासारखं आहे. जमिनीवरचं नाव वाचायला माणसाला वाकावं लागतं, असं तो म्हणतो. मी ताईला पंढरपूरची आठवण करून दिली. महाद्वारातल्या पायरीखाली नामदेवांनी जागा मागितली ती संतांचे पाय लागावेत म्हणून. आणि आपण काय करतो? त्या पायरीवर पाय देत नाही, वाकून हात लावतो. ताई म्हणाली, “ते त्यांनी स्वतः मागितलं होतं. या बिचाऱ्यांना कोणी विचारलं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणखी एक कुरकुर घरमालकांची असते: आमच्या दारात रोज मरणाची आठवण का? यात भावना समजण्याजोगी आहे, पण हक्काचा प्रश्न नाही, कारण फुटपाथ पालिकेचा असतो. आम्स्टरडॅममधल्या मोठ्या नामस्मारकाचंही असंच झालं. डॅनियल लिबेस्किंड या वास्तुविशारदाने आखलेल्या त्या भिंतींत १,०२,००० हून अधिक विटा आहेत, दर विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि मरतानाचं वय. बळींमध्ये सुमारे २२० रोमा आणि सिंती, ज्यांना पूर्वी जिप्सी म्हणत, तेही आहेत. हजारभर विटा कोऱ्या ठेवल्या आहेत, ज्यांची नावं हाती लागली नाहीत त्यांच्यासाठी. शेजाऱ्यांनी झाडं तुटतील, गर्दी होईल म्हणून कोर्टात धाव घेतली. ते हरले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये स्मारक खुलं झालं.

पुटेन: जिथे सगळ्या गावाचंच नाव लिहावं लागलं

आतापर्यंतच्या उदाहरणांत गावातले काही जण गेले आणि बाकीचे राहिले. पुटेनची गोष्ट वेगळी.

३० सप्टेंबर १९४४ च्या रात्री या गावाजवळच्या पुलापाशी भूमिगतांनी जर्मन सैन्याच्या मोटारीवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी रविवार. सैन्याने गाव वेढलं, बायका-मुलांना जुन्या चर्चमध्ये आणि पुरुषांना वेगळं कोंडलं. २ ऑक्टोबरला सहाशेहून अधिक पुरुषांना रेल्वेत भरून नेलं आणि गावातली शंभराच्या वर घरं पेटवली. बहुतेकांची रवानगी हॅम्बुर्गजवळच्या नॉयनगामे छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत झाली. युद्ध संपल्यावर परत आले ४८. त्यातलेही पाच जण लवकरच गेले. मोटारीवरच्या एका हल्ल्याची ही किंमत.

सूड घ्यायचा हुकूम देणारा जनरल फ्रीडरिश क्रिस्टियानसेन याला १९४८ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली आणि १९५१ मध्ये तो सुटलाही.

इथल्या स्मारकाचं अनावरण १ ऑक्टोबर १९४९ रोजी युलियाना राणीच्या हस्ते झालं. शिल्पकार मारी आंद्रीसेनने ना सैनिक घडवला ना छावणीतला कैदी. त्याने एक बाई उभी केली, त्या भागातल्या पारंपरिक पोशाखातली, हातात रुमाल, नजर चर्चकडे. तिच्यासमोर बागेत चौकोनी वाफे, कबरींसारखे, आणि आत कोणीही पुरलेलं नाही. सगळ्या डच स्मारकांत मला हे सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. त्यात ‘पडले’ नाही, विजय नाही. जी मागे राहिली, ती आहे.

पण पाटीने न सुटणारा एक प्रश्न पुटेनमध्ये कित्येक वर्षं धुमसत राहिला: दोष कोणाचा? गोळी झाडली जर्मनांनी, हे खरं. पण हल्ला करणाऱ्यांनी गावाचा विचार केला होता का? एरवी डच पाटीवर भूमिगत कार्यकर्ता हा वीर. इथल्या कितीतरी विधवांना त्याला वीर म्हणणं जड गेलं असणार.

आणि एक जागा पुटेनच्या बाहेर आहे. जर्मनीच्या उत्तर टोकाला लाडेलुंड या खेड्यात नॉयनगामेची एक उपछावणी होती. १९४४ च्या अखेरीस, काही आठवड्यांतच, तिथे तीनशे कैदी मेले, त्यांतले शंभराहून जास्त पुटेनचे. गावचा पाद्री योहानेस मायर याने त्यांना चर्चशेजारी पुरलं आणि नावं टिपून ठेवली. युद्धानंतर त्याने घरच्यांना पत्रं लिहिली. छावणीत गेलेल्या बहुतेक माणसांना कबर नसते. या शंभर जणांना आहे, कारण शत्रूच्या गावातल्या एकाने वही ठेवली होती. १९५० पासून पुटेनचे लोक तिथे जाऊ लागले.

जर्मन सैनिकही कोणाची तरी मुलंच होती ना?

हा प्रश्न आता दरवर्षी ४ मेच्या आसपास उठतो. ४ मे हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. रात्री आठ वाजता दोन मिनिटं सगळा देश थांबतो. ५ मे मुक्तीचा. आधी दुखवटा आणि मग सण, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

२०१२ मध्ये फोर्डन गावातल्या ४ मेच्या कार्यक्रमानंतर महापौर तिथल्या जर्मन सैनिकांच्या कबरींजवळूनही चालत जाणार होते. ज्यू संघटनेने आक्षेप घेतला आणि त्याच दिवशी न्यायाधीशांनी मनाई केली. त्या निकालावर पुढेही वाद झाला. नेदरलँड्समध्ये मेलेल्या जर्मन सैनिकांना जागा नाही असं नाही. आयसेलस्टाइन इथे त्यांचं स्वतंत्र दफनस्थान आहे, तीस हजारांहून अधिक कबरींचं. वाद आहे तो एकाच दिवशी, एकाच पाटीवर, एकाच श्वासात नावं घेण्याचा.

मला विचाराल तर मी फोर्डनच्या महापौरांबरोबर चाललो नसतो. मेलेल्या एकोणीस वर्षांच्या शिपायाबद्दल वाईट वाटणं वेगळं आणि त्याने ज्यांना गाडीत चढवलं असेल त्यांच्या रांगेत त्याला उभं करणं वेगळं. पण पाटीची व्याख्या कायमची दगडात कोरलेली नसते, हेही खरं. १९६१ पासून ४ मेच्या स्मरणात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युद्धांतले डच बळीही धरले जातात. त्यात इंडोनेशियाचं स्वातंत्र्य दडपायला गेलेले डच सैनिक आले. रोर्मोंडच्या स्मारकावर अशी सहा हजारांहून जास्त नावं आहेत. त्यांनी मारलेल्या इंडोनेशियन लोकांचं काय, हा प्रश्न आता तिथली नातवंडं विचारतात. आपण एका परकीय सत्तेकडून सुटलेली माणसं, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला चटकन कळतो.

दुसरी यादी

“इतक्या वर्षांनी नावं लावून काय होणार?” असं विचारणाऱ्याला एक ताजी गोष्ट सांगतो. २ जानेवारी २०२५ रोजी नेदरलँड्समध्ये आणखी एक नामावली इंटरनेटवर आली. युद्धानंतर शत्रूला साथ दिल्याच्या संशयावरून ज्यांची चौकशी झाली, त्या सुमारे ४,२५,००० लोकांची. यातल्या बहुतेकांवर कधी खटला चाललाच नाही. संशय म्हणजे गुन्हा नव्हे. कोणी ज्यूंना पकडून दिलं असेल, कोणावर शेजाऱ्याने नुसता राग काढला असेल. मूळ कागदपत्रंही ऑनलाइन जाणार होती, पण खासगीपणाचा प्रश्न निघाला आणि ते लांबलं. कागद पाहायचे तर द हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जावं लागतं.

त्या आठवड्यात आजोबांचं नाव शोधणारे किती असतील! पितळी चौकोनावर नाव असलेल्यांचे वारस बहुतेक उरलेच नाहीत. दुसऱ्या यादीतल्यांचे मात्र गावोगाव आहेत, चांगली, कष्टाळू माणसं, ज्यांना घरात कधी कोणी काही सांगितलं नाही. दारातल्या दगडावरच्या ‘खून केला’ या क्रियापदाचा कर्ता लिहिलेला नसतो. तो कुठे शोधायचा ते आता लोकांना कळलं आहे.

हे सगळं मी भाचीला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. ३० सप्टेंबरची तारीख ठरवलेली आहे हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे त्या मुलीचे बाबा त्या तारखेनंतर कदाचित होतेही.” कदाचित, मी म्हटलं.

४ मेच्या आधी गल्लीतले लोक हे दगड पुसतात, असं शेजारच्या आजींनी तिला सांगितलं होतं. वर्षभर पाऊस आणि चिखल खाऊन पितळ काळं पडतं. ३ तारखेला तिचा मेसेज आला: “मामा, इथलं पॉलिश मिळालं नाही. पुण्याहून येताना आईने पितांबरी दिली होती. ती चालेल ना?”

मी लिहिलं, मऊ फडक्याने लाव, अक्षरांवर जोर देऊ नकोस.